बियाणं बोगस की आपलं चुकलं?

प्रश्न: ताई, मागच्या हंगामात भाव चढंल म्हणून कापसाची पऱ्हाटी फेब्रुवारीपर्यंत वावरातच ठेवली, फरदड (त्याच झाडांवर पुन्हा कापूस) घेतली. यंदा गुलाबी बोंडअळीनं बोंडं सडवली. बायको तेव्हाच म्हणे उपटा. मी सगळ्यायले सांगतो बियाणंच बोगस, दुकानदाराशी बोलणंही बंद केलं. पण झोप नाही लागत.
– एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर: भाऊ, सगळंच डोक्यावर घेऊ नका. ही अळी आता बोंडअळीला रोखायसाठी काढलेल्या बीटी-२ वाणालाही जुमानत नाही, भाव तर तुमच्या हातातच नाही. पण फरदड ठेवली की अळीला पुढंही खायला मिळत राहतं अन् ती पुढच्या हंगामात येते, तेवढा वाटा तुमचाच बरं. आता बघा, दोष बियाण्याचा म्हटला की तुम्ही कंपनीच्या भरवशावर बसले, आपला म्हटला तर डिसेंबरात पऱ्हाटी उपटायला कोणाची परवानगी लागते? गांधीजी सेवाग्रामला यायच्या कितीतरी आधी, १९१९ मध्ये, लोकांची तयारी नसताना सत्याग्रह पुकारला ही हिमालयाएवढी चूक झाली असं जाहीर बोलून मोकळे झाले, त्यानं त्यांचं वजन काही घटलं नाही. तुम्हाला तर फक्त घरात बोलायचंय. बायकोला म्हणा, तुझं बरोबर होतं. पुढे "पण" लावू नका (ही सवय आपल्याकडच्या पुरुषांना फार). ती दोन टोमणे मारेल, ऐकून घ्या. मग दुकानदाराकडे जा, अन् पुढच्या पेरणीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं अळीचे नर पतंग पकडणारे) सांगून ठेवा, हेक्टरी ५ लागतात.