दाताच्या इम्प्लांटला ‘सरफेस ट्रीटमेंट’ असते म्हणजे काय? त्यासाठी जास्त पैसे द्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की आईंच्या खालच्या दोन दाढा गेल्यात, एका दवाखान्यात साधा इम्प्लांट सांगितला आणि दुसरीकडे ‘सरफेस ट्रीटेड’ म्हणून बराच महाग. आई विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) राहतात आणि मिशरी लावतात, हेही सांगितलंत, ते फार बरं केलंत. मी सोलापुरातच इम्प्लांट बसवतो.

इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा धातूचा स्क्रू; त्यावर मग दात चढवतात. हाड धातूला धरतं ते फक्त वरच्या थरावर. इम्प्लांट शुद्ध टायटॅनियमचा असो की ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम घातलेल्या मिश्रधातूचा, हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो. शरीर हा धातू खपवून घेतं ते या थरामुळे. स्वीडनचे संशोधक ब्रेनमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला बसवलेले इम्प्लांट नुसते मशीनवर कातलेले होते. असे इम्प्लांट टिकत, पण दात चढवायला खालच्या जबड्यात तीन आणि वरच्यात सहा महिने थांबावं लागे.

आता त्याच स्क्रूवर ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) कणांचा मारा करतात आणि मग तो ॲसिडात बुडवतात. हीच ‘सरफेस ट्रीटमेंट’. गिलाव्याआधी गवंडी कॉलमला टाचे मारतो, तसंच हे. माऱ्याने मोठे खड्डे पडतात, ॲसिडाने त्यांच्या पोटात मायक्रॉनभर आकाराचे बारीक. अशा जागी हाड लवकर धरतं, आणि हाड चांगलं असेल तर सहा-आठ आठवड्यांत दात चढवता येतो.

काही कंपन्या हा इम्प्लांट हवा लागू न देता सलाईनमध्ये ठेवून पाठवतात, कारण हवेतले कार्बनचे अंश बसले की पृष्ठभाग पाणी धरेनासा होतो. असा ओला इम्प्लांट हाडातल्या छिद्राला टेकवला की रक्त आट्यांवरून सरसर वर चढतं. कितीही वेळा पाहिलं तरी मला त्याचं अप्रूप वाटतं.

दुसरा प्रकार लेपाचा. हायड्रॉक्सीॲपेटाइटचा, म्हणजे हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाचा लेप खुब्याच्या कृत्रिम सांध्यात चांगला चालतो. दातात तो सुटण्याच्या तक्रारी आल्या आणि मागे पडला.

पैशांचं म्हणाल तर आज नावाजलेल्या जवळपास सगळ्याच कंपन्यांचे इम्प्लांट ट्रीटेड असतात. त्यामुळे नुसत्या त्या शब्दासाठी जास्त पैसे देऊ नका. ट्रीटमेंट कोणती, कंपनी कोणती, हे दोन्हीकडे विचारा आणि पाकिटावरचं लॉट नंबरचं स्टिकर मागून घ्या.

मला जास्त काळजी मिशरीची वाटते. तंबाखूने हिरडी खाली सरकली आणि तो खडबडीत भाग उघडा पडला, की जंतूही तिथेच ठाण मांडतात आणि मग साफ करणं महाकठीण. ट्रीटमेंट कितीही भारी असली तरी यावर तिचा इलाज नाही. आधी मिशरी बंद, हिरड्यांची साफसफाई, आणि शुगरची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी. ते रिपोर्ट हातात आले की मगच इम्प्लांटची तारीख घ्या.