वाचकांचे प्रश्न : हलक्या हिमवृष्टीची वाट पाहताना

प्रश्न : अ‍ॅपवर दुपारी तीननंतर बर्फाचं चिन्ह दिसतंय, पण बाहेरचा तापमापक अजून ३ अंशांवर आहे. आशा धरायची की सोडायची?

नुसत्या ३ या आकड्यावरून काहीच ठरत नाही. त्याच्याशेजारी दवबिंदूचा, म्हणजे हवेतली वाफ दव धरू लागते त्या तापमानाचा, आकडा मांडा. हवा कोरडी असेल तर पडणाऱ्या हिमकणांचा थोडा भाग वाटेतच वाफ होऊन जातो. त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते, म्हणून हवा गार होत जाते. ही घसरण जिथे थांबते ते वेट बल्ब तापमान. हलक्या बर्फाचा सगळा निकाल याच आकड्यावर लागतो.

हवा ३ अंश आणि दवबिंदू उणे ३ असेल, तर समुद्रसपाटीजवळ वेट बल्ब ०.७ च्या आसपास येतो. माप बर्फाकडे झुकलेलं आहे, आशा धरा. हवा तीच ३ अंश, पण दवबिंदू २ असेल तर वेट बल्ब अडीच येतो आणि पाऊसच पडतो. ढोबळमानाने ०.५ च्या खाली बर्फ, ०.५ ते १.५ मध्ये पाणी आणि बर्फ एकत्र, त्यावर पाऊस. घाईचा हिशेब हवा असेल तर हवेचं तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या फरकाचा एक तृतीयांश भाग तापमानातून वजा करा. उत्तर खऱ्यापेक्षा किंचित जास्त येतं, पण निर्णयाला पुरतं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. जोरदार हिमवृष्टी स्वतःची थंडी स्वतः तयार करते : वितळणारा बर्फ इतकी उष्णता शोषतो की गोठणपातळी, म्हणजे हवा शून्य अंशांवर येते ती उंची, खाली ओढली जाते. हलक्या सरीत तेवढा माल नसतो. त्यामुळे ‘जोर वाढला की पावसाचा बर्फ होईल’ हा भरवसा इथे चालत नाही. हवा आधीपासून पुरेशी गार किंवा कोरडी असावी लागते.

प्रश्न : वेट बल्ब घरी मोजता येतो का?

येतो, आणि चांगला येतो. एकसारखे दोन तापमापक घ्या. आधी दोन्ही कोरडेच शेजारी ठेवून त्यांच्या वाचनातला फरक टिपून ठेवा. मग एकाच्या फुग्यावर धुतलेल्या मलमलीचा एकच थर गुंडाळा, तो डिस्टिल्ड वॉटरने भिजवा आणि पुठ्ठ्याने वारा घाला. दोनेक मिनिटांत पारा उतरायचा थांबला की तो आकडा वाचा. नळाच्या पाण्यातले क्षार मलमलीत साठले की बाष्पीभवन मंदावतं आणि वाचन जास्त येतं. जाड कापडानेही तेच होतं. शून्याखाली आणखी एक फसवी गोष्ट घडते : पाणी न गोठता द्रवच राहू शकतं. अशा वेळी बर्फाचा बारीक खडा मलमलीला टेकवून ते गोठवून घ्या, मगच वाचा.

तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत आणि भिंतीपासून दूर हवा. भिंत रात्रीही ऊब सोडत असते, आणि आपला सगळा खेळ अर्ध्या अंशाचा आहे.

प्रश्न : आठ दिवसांपूर्वी नकाशावर १२ सेंटिमीटर बर्फ होता, आज काहीच नाही. मग पाहायचं तरी काय?

आठ दिवस आधी एकट्या नकाशाकडे पाहूच नका. एन्सेम्बल पाहा : थोडी वेगवेगळी सुरुवात देऊन हवामानाचं तेच संगणकीय मॉडेल अनेकदा चालवलेलं असतं. युरोपीय हवामान-अंदाज केंद्राच्या (ECMWF) एन्सेम्बलमध्ये अशा ५० आवृत्त्या आणि एक मूळ आवृत्ती असते. त्यांतल्या चार आवृत्त्यांत बर्फ असेल तर तो फक्त शक्यतेचा किनारा. तीस आवृत्त्यांत असेल तर तयारीला लागा. शेवटच्या दीड दिवसात मात्र जास्त बारीक जाळीच्या मॉडेलांकडे वळा आणि ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरच्या (साधारण दीड किलोमीटर उंचीवरच्या) तापमानाबरोबर जमिनीलगतचा किलोमीटरभराचा थरही तपासा. वर उणे ७ आणि खाली ओलसर उबदार थर, असं असलं की हिरमोड ठरलेला.

प्रश्न : रडारवर डोक्यावर सर दिसते, अंगणात मात्र एक कणही नाही. रडार चुकतंय का?

रडार बरोबर आहे, ते फक्त उंचावरचं सांगतंय. अर्ध्या अंशाने तिरपा सोडलेला किरण १०० किलोमीटरवर पोहोचतो तेव्हा रडारच्या पातळीपेक्षा सुमारे दीड किलोमीटर वर असतो. तिथे पडणारा बर्फ खालच्या कोरड्या हवेत विरून जाऊ शकतो. अशा वेळी दवबिंदूवर नजर ठेवा. तो चढतोय आणि तापमान उतरतंय, तर कोरडा थर भरत चाललाय. दोन्ही आकडे एकमेकांजवळ आले की बाहेर या. रात्र असेल तर दिव्याच्या झोताकडे पाहा, पहिले कण तिथेच दिसतात : पावसाच्या थेंबासारखे सरळ रेघ ओढत न येता डुलत, बाजूला सरकत उतरणारे.

रडारवर रडारभोवती ठळक कडं दिसलं तर तो जोराचा पाऊस समजू नका. वितळणाऱ्या कणांवर पाण्याचा थर चढतो आणि ते मोठ्या थेंबांसारखे चमकतात. ते कडं आकसत रडारकडे सरकू लागलं तर वितळण्याची पातळी खाली येतेय.

प्रश्न : बर्फ पडला, पण रस्त्यावर टिकला नाही. मोजायचा कसा?

रस्त्याने दिवसभराची उष्णता साठवलेली असते. गवताची पाती आकाशाकडे उष्णता लवकर गमावतात, म्हणून बर्फ आधी तिथे आणि गाड्यांच्या टपांवर धरतो. मोजणीसाठी साधारण ४० सेंटिमीटर चौरस प्लायवूडला पांढरा रंग द्या आणि ते मोकळ्या, सपाट जागी ठेवा. गडद रंग ऊन शोषतो. सर थांबताच मोजा, कारण ओला बर्फ तासाभरात निम्मा दबू शकतो. पाच-सहा ठिकाणी उभी पट्टी टेकवून सरासरी घ्या. दर तासाला फळी पुसून बेरीज करण्याची चूक अनेकजण करतात आणि आकडा फुगतो. अमेरिकी पद्धतीत फळी सहा तासांत एकदाच साफ करतात, आणि ०.१ इंचापेक्षा कमी बर्फाची नोंद ‘ट्रेस’ अशी होते. ही नोंदही जरूर ठेवा, हलक्या हिवाळ्यात तिचंच मोल असतं.

पाण्याचा हिशेब हवा असेल तर पर्जन्यमापकाचं नरसाळं आधीच काढून ठेवा. त्याच मापकाने ५ मिलिमीटर कोमट पाणी मोजून भांड्यात ओता, बर्फ वितळवा, एकूण मोजा आणि ५ वजा करा. एक मिलिमीटर पाण्याला एक सेंटिमीटर बर्फ हे सरासरीचं गणित, पण शून्याजवळच्या ओल्या बर्फात तेवढ्याच पाण्याचा अर्धा सेंटिमीटरच भरतो.

प्रश्न : सहा पाकळ्यांचे सुंदर कण आमच्याकडे कधीच का दिसत नाहीत?

तशा पाकळ्या ढगात उणे १५ अंशांच्या आसपास वाढतात. उणे ५ जवळ सुया आणि नळ्या तयार होतात. जपानी भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत हिमस्फटिक वाढवून तापमान आणि आकार यांचं हे नातं उलगडत नेलं. ढग उथळ असेल तर त्याचा माथा उणे १५ पर्यंत पोहोचतच नाही, आणि तुमच्या बाहीवर सुयाच उतरतात. काळा फेल्टचा तुकडा अर्धा तास आधी बाहेर गार करत ठेवा, मग त्यावर कण झेला आणि दहापट भिंगातून पाहा. श्वास बाजूला सोडा, नाहीतर सुई दिसायच्या आत तिचं पाणी झालेलं असेल.