पुण्यातला जुना लोखंडी शेड खोलून नागपूरला गोडाऊनसाठी उभारायचाय, नव्यापेक्षा परवडेल का?

परवडेल, पण सांगाडा जुना आणि पत्रे नवे घेतले तरच, कारण जुन्या पत्र्याला स्क्रूची भोकं असतात, परत लावताना ती जुळत नाहीत आणि पहिल्याच पावसात गळती सुरू. फॅब्रिकेशनचं काम करतो म्हणून सांगतो, लोक किलोचा भाव ऐकून भुलतात आणि बाकीचं धरतच नाहीत:

- खोलायची मजुरी, क्रेन, ट्रेलर
- रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर), पेंट, नवे नटबोल्ट
- फाउंडेशन बोल्ट (जुने काँक्रीटमध्येच राहतात, ते नवेच लागणार)

फाउंडेशन आणि कोबा तर नव्या शेडच्या कोटेशनमध्येही बऱ्याचदा नसतो, आणि 18 टक्के जीएसटी वेगळा, तेव्हा तुलना करताना दोन्हीकडे सगळं धरा. खोलायच्या आधी प्रत्येक पार्टवर नंबर टाकायला लावा नाहीतर उभारताना कोडं सोडवत बसाल. फक्त एक, आयएस 875 (इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे डिझाइनला धरायचा वाऱ्याचा बेसिक वेग पुण्याला 39 मीटर प्रति सेकंद आणि नागपूरला 44, म्हणजे तोच सांगाडा तिकडे जसाच्या तसा चालेलच असं नाही, बयाणा द्यायच्या आधी ड्रॉइंग मागून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, ड्रॉइंगच नसेल तर भाव चांगलाच पाडून मागा.