वाचकांचे प्रश्न : अॅम्प्लिफायर बंद करून लगेच चालू केला की फ्यूज का उडतो?

प्रश्न : माझ्या अॅम्प्लिफायरमध्ये ५०० व्हीएचा टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर आहे आणि दोन्ही रेलवर (धन आणि ऋण पुरवठ्यावर) २०,००० मायक्रोफॅराडचे फिल्टर कपॅसिटर. सॉफ्ट-स्टार्ट बसवला आहे, म्हणजे सुरुवातीचा झटका रेझिस्टर थोपवतो आणि थोड्या विलंबाने रिले (विजेवर चालणारा स्विच) त्याला वगळतो. थंड असताना चालू केला तर काहीच त्रास नाही. बंद करून लगेच चालू केला की फ्यूज उडतो. रेझिस्टर वाढवू की विलंब?

उत्तर : दोन्ही नको. तुमचा विलंब ठीक आहे. तो पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही, अडचण तिथे आहे.

टोरॉइडच्या गाभ्यात बंद करताना थोडे चुंबकत्व उरते. पुढच्या वेळी वीज नको त्या क्षणी आली, तर गाभा संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही) आणि प्रवाहाला अडवायला फक्त प्रायमरीच्या तारेचा रोध राहतो. तो ४ ओहम धरला, तर २३० व्होल्टच्या ३२५ व्होल्ट शिखराला जवळपास ८० अँपिअर होतात. रिकाम्या फिल्टर कपॅसिटरांची ओढ त्यातच भर घालते. १५० ओहम, १० वॅटचे तीन वायरवाउंड रेझिस्टर समांतर जोडून ५० ओहम केले की शिखर ६ अँपिअरवर येते. अर्ध्या सेकंदाच्या आत रिले त्यांना बायपास करतो. पण चालू करतानाच रिले मिटलेला असेल, तर रेझिस्टर असून नसल्यासारखाच.

आता निदान. स्विच बंद करा आणि रिलेची टक ऐका.

टक तीन-चार सेकंदांनी आली, तर रिलेच्या १२ व्होल्टच्या पुरवठ्यावरचा कपॅसिटर फार मोठा आहे. ३६० ओहमची कॉइल ४७०० मायक्रोफॅराडवर साडेतीन सेकंद सहज धरून राहते, कारण रिले ओढायला लागतो त्याच्या बऱ्याच खालच्या व्होल्टेजला सुटतो. तिथे ४७० मायक्रोफॅराड लावा. वेळ पाऊण सेकंदाच्याही आत येईल. १२ व्होल्ट मुख्य रेलवरून घेतले असतील, तर ते आधी बदला. वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि त्याची प्रायमरी स्विचनंतर, पण ५० ओहमच्या आधी जोडा.

टक लगेच आली आणि तरी फ्यूज उडत असेल, तर विलंब ठरवणारा टायमिंगचा कपॅसिटर भरलेलाच राहतो आहे. १०० किलोओहम, २२ मायक्रोफॅराड आणि २एन७००० मॉसफेट (रिले चालवणारा ट्रान्झिस्टर) हा नेहमीचा संच घेऊ. त्याच्या गेटला (नियंत्रणाच्या टोकाला) २ व्होल्ट मिळायला ०.४ सेकंद लागतात (मॉसफेटगणिक ०.१५ ते ०.६, तेवढे चालते). पण १२ वरून २ व्होल्टपर्यंत त्याच रेझिस्टरमधून उतरायला चार सेकंद जातात. १०० किलोओहमला समांतर १एन४१४८ डायोड लावा, कॅथोड १२ व्होल्टच्या बाजूला. पुरवठा पडला की कपॅसिटर त्याच्याबरोबर रिकामा होतो. अनेक आराखड्यांत हा स्वस्तातला डायोड वगळलेला दिसतो. तो वगळू नये असे आमचे ठाम मत आहे.

एकदा प्लग काढून, फिल्टर कपॅसिटर उतरल्याची खात्री करून ५० ओहमच्या दोन टोकांवर मीटर लावा. शून्याजवळ वाचन आले, तर आधीच्या झटक्यांनी रिलेचे संपर्क चिकटले आहेत. रिले बदला, २५० व्होल्ट एसी, १६ अँपिअरचा.

प्रश्न : सॉफ्ट-स्टार्टचे रेझिस्टर काळे पडले. जास्त वॅटचे लावू का?

उत्तर : वॅट वाढवून मूळ कारण जात नाही. रिले मिटलाच नाही, तर अॅम्प्लिफायरचा सगळा प्रवाह ५० ओहममधूनच जात राहतो. त्यात पुढे शॉर्टही असला, तर तिथे हजार वॅटहून अधिक उष्णता तयार होते. त्यापुढे २५ वॅटचाही टिकाव नाही. आधी रिलेची कॉइल, १२ व्होल्ट आणि ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) तपासा. मग रेझिस्टरांना चिकटून, त्यांच्याच सिरीजमध्ये थर्मल फ्यूज (फार तापला की तुटणारा) बसवा. त्याची टोके क्रिम्प करा, म्हणजे दाबून जोडा. सोल्डरच्या उष्णतेने तो जागीच उडतो.