वाचकांचे प्रश्न : दुर्गम वस्त्यांचे रस्ते आणि सरकारी निधी

प्रश्न : मी भामरागड तालुक्यातील एका टोल्यावर, म्हणजे गावापासून वेगळ्या छोट्या वस्तीवर, शिक्षक आहे. टोल्याची लोकसंख्या सुमारे १४० आहे. मुख्य रस्त्यापर्यंतची चार किलोमीटरची वाट मातीची असून ती जंगलातून जाते. पावसाळ्यात आजारी माणसाला खाटेवर घालून खांद्यावरून न्यावे लागते. सरकारने ग्रामीण रस्त्यांसाठी पुन्हा मोठा निधी मंजूर केला आहे, असे ऐकतो. आमचा टोला त्यात बसेल का? आणि थेट डांबरी रस्त्याचीच मागणी करावी की खडीकरणावर समाधान मानावे?

उत्तर : बसण्याची शक्यता चांगली आहे. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली, तेव्हा सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगरी, वाळवंटी व आदिवासी भागांत २५० लोकसंख्येची अट होती. त्यामुळे वीस-पंचवीस घरांचे टोले पहिल्याच चाळणीत गळत. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी ही अट १०० वर आणली आहे. २०२४-२५ ते २०२८-२९ या काळात ७०,१२५ कोटी रुपये खर्चून ६२,५०० किलोमीटर रस्ते बांधायचे आणि २५,००० वस्त्या जोडायच्या, असा हा आराखडा आहे. लोकसंख्या मात्र २०११ च्या जनगणनेची धरली जाते. म्हणून आजचा आकडा लिहून न थांबता त्या वर्षीची आपल्या टोल्याची नोंद आधी तपासावी. निकष महसुली गावाला नसून वस्तीला आहे, हेही अर्जात स्पष्ट लिहावे. कारण गाव जोडलेले आहे म्हणून टोलाही जोडलेला आहे, असा समज कागदोपत्री फार सहज होतो.

आपल्याकडे खरी अडचण बहुधा वनजमिनीची येईल. २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ३(२) रस्ते, शाळा, दवाखाने अशा तेरा सुविधांसाठी वनजमीन वळवण्याची मुभा देते. त्यासाठी प्रत्येक कामाची जमीन एक हेक्टरपेक्षा कमी असावी, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडली जाऊ नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, अशा अटी आहेत. सहा मीटर रुंदीचा पट्टा धरला, तर एक हेक्टर म्हणजे जेमतेम दीड-पावणेदोन किलोमीटर होतात. आपली वाट त्याहून लांब असल्यामुळे वन संवर्धन कायद्याखालची परवानगीही लागू शकेल आणि तिला वेळ लागतो. ग्रामसभेचा ठराव मात्र आपल्या हातात आहे. तो आजच घ्यावा, निधी येण्याची वाट पाहू नये.

आता डांबराविषयी. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत बारमाही रस्त्याची जी व्याख्या आहे, तिच्यानुसार असा रस्ता सर्व ऋतूंत वाहतुकीस योग्य असला पाहिजे. तो डांबरीच असला पाहिजे, अशी सक्ती नाही. पाण्याचा निचरा आणि मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटा, मात्र पुरेशा हव्यात. या व्याख्येत मला रस्तेबांधणीचे मर्म दिसते. कमी वाहतुकीच्या ग्रामीण रस्त्यावर डांबराचा थर, ज्याला कामावरची माणसे कार्पेट म्हणतात, बहुधा २० मिलिमीटरचा, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढा असतो आणि त्यावर सीलकोट, म्हणजे फटी बंद करणारा डांबराचा लेप, मारतात. या पातळ आवरणाचे मुख्य काम पाणी आत जाऊ न देणे हे आहे. गाडीचा भार खालचे खडी-मुरुमाचे थर पेलतात. ते थर नीट दाबले नसतील किंवा कडेला पाणी तुंबत असेल, तर डांबर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच उखडते आणि नीट खडीकरण केलेल्या रस्त्यापेक्षाही वाईट अवस्था होते. म्हणून मागणी डांबरीकरणाचीच करावी, तशी मागणी करणे हा आपला हक्क आहे. पण त्याच अर्जात वाटेवरच्या प्रत्येक नाल्याचे नाव लिहून तिथे मोरी किंवा पूल मागावा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड कसे तुटते, हे आपण दर वर्षी पाहता. मधला नाला तसाच राहिला, तर त्याच्या दोन्ही बाजूंचे डांबर आपल्या रुग्णाच्या कामाचे नाही.

प्रश्न : शे-दीडशे लोकांसाठी एवढा खर्च आर्थिकदृष्ट्या योग्य ठरतो का? (पुणे)

उत्तर : केवळ उत्पन्नाच्या मापाने पाहिले, तर उत्तर फारसे उत्साहवर्धक नाही. सॅम ॲशर आणि पॉल नोवोसाद या अर्थशास्त्रज्ञांनी याच योजनेचा अभ्यास करून २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, रस्ता झाल्यावर शेतीतील माणसे इतर कामांकडे वळतात, पण शेती, उत्पन्न आणि मालमत्ता यांत मोठा फरक दिसत नाही. अंजली अदुकिया यांच्यासह त्यांनी केलेल्या दुसऱ्या अभ्यासात मात्र रस्ता झालेल्या गावांत प्राथमिक शाळेच्या पुढील वर्गांची पटसंख्या सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. पाचवीनंतर मुलगी शाळेत जाते की घरी राहते, हे अनेकदा मधल्या वाटेवर ठरते. अडलेल्या बाळंतिणीच्या बाबतीत तर दरडोई खर्चाचा हिशेब मांडणे मला मान्यच नाही. शंभर माणसांच्या वस्तीला पोहोचता येणे ही शासनाची जबाबदारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमचा रस्ता डांबरी होऊन सहा वर्षे झाली. आता कडा तुटल्या असून खड्डे वाढत आहेत. कंत्राटदार म्हणतो, माझी मुदत संपली. दाद कोणाकडे मागावी? (अक्कलकुवा तालुका)

उत्तर : मुदतीपुरते त्याचे म्हणणे बरोबर आहे. या योजनेतील रस्त्याची पाच वर्षांची देखभाल कंत्राटातच अंतर्भूत असते आणि त्यानंतर ती जबाबदारी राज्याकडे जाते. सहाव्या वर्षी अनेक रस्ते पोरके होतात, कारण नव्या रस्त्याचे उद्घाटन होते, जुन्याच्या दुरुस्तीचे होत नाही. बांधणीच्या निधीची जेवढी चर्चा होते, तेवढी देखभालीच्या तरतुदीची झाली पाहिजे, हे मी या सदरातून पुन्हा आग्रहाने मांडतो.

रस्त्याच्या सुरुवातीच्या माहितीफलकावरून कामाचे नाव, लांबी आणि पूर्ण झाल्याची तारीख टिपून घ्यावी. पाच वर्षांच्या आत एखादी दुरुस्ती मागितली होती आणि ती झाली नव्हती, तर तो जुना अर्ज सोबत जोडावा. जिल्ह्यातील योजनेच्या कार्यकारी अभियंत्यांकडे लेखी तक्रार द्यावी आणि ‘मेरी सडक’ या ॲपवर छायाचित्रांसह नोंदवावी. छायाचित्र केवळ खड्ड्याचे काढू नये. कडा तुटल्या आहेत, याचा अर्थ साईडपट्टीचा मुरूम वाहून गेला असण्याची शक्यता मोठी आहे. तिथे डांबर आणि जमीन यांत किती उंचीचा फरक पडला आहे, ते पट्टी धरून दाखवावे. गटार बुजले असल्यास किंवा मोरीच्या तोंडाशी गाळ साचला असल्यास त्याचेही छायाचित्र जोडावे. साईडपट्टी भरून गटार मोकळे केल्याशिवाय खड्डे बुजवले, तर ते पुढच्या पावसात त्याच जागी पुन्हा पडतील. त्यामुळे तक्रारीत कामांचा हाच क्रम मागावा आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी मे महिन्यात काम व्हावे, असे तारखेसह लिहावे.