ती शपथ मोड, पण तिच्यासमोर

"ताई, माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणीने मला सांगितलं की तिला जगावंसंच वाटत नाही, आणि लगेच शपथ घातली की कोणाला सांगायचं नाही. दोन आठवडे झाले, मी रात्रभर तिचं लास्ट सीन बघत जागी असते. सांगितलं तर तिचा विश्वास जाईल आणि नाही सांगितलं तर काय होईल याचा विचारही करवत नाही. काय करू?"

मोड ती शपथ. आजच.

पण तिच्या पाठीमागे नको, तिच्यासमोर मोड. तिला भेट आणि सरळ सांग की मी तेव्हा हो म्हणाले कारण मी घाबरले होते, पण हे मला एकटीला पेलत नाहीये आणि मला तू हवी आहेस, म्हणून आपण अजून कोणाला तरी सांगूया, कोणाला ते तू ठरव. हे शेवटचं वाक्य विसरू नकोस, कारण सगळंच हातातून सुटल्यासारखं वाटत असतं तेव्हा एवढं तरी तिच्या हातात राहतं. ती "कोणालाच नको" म्हणाली तर मात्र नाव तू निवड आणि तेही तिला सांगून टाक.

आणि तिला स्पष्ट विचार, "आत्महत्येचे विचार येतायत का? कसं, कधी, असं काही ठरवलंयस का?" विचारल्याने डोक्यात नसलेलं डोक्यात येईल अशी भीती सगळ्यांनाच वाटते, पण अभ्यासांत तसं दिसलेलं नाही, उलट विचारल्यावर बऱ्याच जणांना हलकं वाटतं. ती रडेल, गप्प बसेल, बसू दे, तू पण बस. "तुला कसली कमी आहे" किंवा "पॉझिटिव्ह विचार कर" असलं काही बोलू नकोस गं, त्याने माणूस अजून आत आत जातो.

तिने काही ठरवलं असेल तर तिला एक मिनिट एकटं सोडायचं नाही, ज्या वस्तूची भीती वाटते ती घराबाहेर दुसऱ्या कोणाकडे द्यायची आणि त्याच दिवशी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्यायचं, रात्र असली तरी. सगळ्यात तीव्र वेळ बऱ्याचदा काही मिनिटांची किंवा तासांची असते, तेवढी टळली की माणूस वाचू शकतो.

आता तुझ्या जागरणाबद्दल. झिंबाब्वेमध्ये डिक्सन चिबांडा नावाचे सायकियाट्रिस्ट आहेत, त्यांची एक पेशंट आत्महत्येने गेली, तिच्याकडे त्यांच्यापर्यंत यायला बसभाड्याचे पैसे नव्हते. त्यानंतर 2006 मध्ये त्यांनी हरारेत 14 आज्यांना ट्रेनिंग देऊन दवाखान्यांच्या आवारात बाकांवर बसवलं, लोकांचं ऐकून घ्यायला. तिकडच्या शोना भाषेत डिप्रेशनसारख्या मनाच्या दुखण्याला कुफुंगिसिसा म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपणही म्हणतोच की, विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली. 2016 मध्ये याचा रीतसर अभ्यास छापून आला, सहा महिन्यांनी त्या बाकावर येऊन बोललेल्या लोकांची डिप्रेशनची लक्षणं इतरांपेक्षा बरीच कमी होती. मला यात सगळ्यात जास्त काय पटतं तर मदत चालत जाता येईल एवढ्या अंतरावर होती, आणि आजी एकटी नव्हती, मागे दवाखाना होता. तुझ्यामागे कोणीच नाहीये आत्ता, म्हणून तू अशी दमलीयस.

तर माणसं जमव. तिची मावशी असेल, एखादे जुने सर असतील, ऑफिसमधली कोणी असेल, तीनचार जण पुरे. एकाने डॉक्टरकडे सोबत जायचं, एकाने रात्री फोन करायचा, असं वाटून घ्या. सायकियाट्रिस्टचं नाव काढलं की ती दचकत असेल तर आधी फॅमिली डॉक्टरकडे जा. गोळ्या सुरू झाल्या तरी गुण यायला काही आठवडे लागतात, तोपर्यंत सोबत सोडू नका. आणि एका कागदावर तिच्याच अक्षरात लिहून घे, त्रास वाढायला लागला की आधी काय जाणवतं, कशाने जरा बरं वाटतं, कोणाला फोन करायचा. भारतात असाल तर त्यात 14416 लिही, ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तो नंबर तुलाही आहे हं, दोन आठवडे झोपली नाहीयेस तू, आधी स्वतःसाठी लाव.

चिडेल ती कदाचित. बोलणंही बंद करेल. तरी मेसेज टाकत राहा, उत्तराची अपेक्षा न ठेवता. अमेरिकेत जेरोम मोटो नावाच्या डॉक्टरांनी पुढचे उपचार नको म्हणणाऱ्या पेशंटना वर्षानुवर्षं छोटी पत्रं पाठवली, तुमची आठवण आहे, कसे आहात, एवढीच, कसली मागणी नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्या कमी झाल्या. तू पण तेवढंच लिही, "आठवण आली, मी आहे."

पण आधी तिला फोन कर की मी येतेय.