जिंकत असताना खेळ मोडण्याविषयी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. टेनिसचे राज्य अजिंक्यपद मिळवून पुरते तीन आठवडे झाले नाहीत, राष्ट्रीय मानांकनाचे गुण देणाऱ्या स्पर्धा तोंडावर आल्या आहेत, आणि नेमक्या याच वेळी मी तुला बॅकहँड एका हाताने, नव्या पकडीने, पुन्हा शिकायला सांगते आहे, याचा तुला राग आला आहे. तो तू सभ्य शब्दांत मांडला आहेस, तरी ओळीओळीतून दिसतो. “चालते आहे ते बिघडवायचे कशाला?” हा तुझा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर फोनवर देता आले नसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मार्टिना नवरातिलोव्हाचे नाव तू ऐकले आहेस. एकेरीची १८ ग्रँड स्लॅम विजेतेपदे, महिला दुहेरीची ३१, मिश्र दुहेरीची १०, विम्बल्डनची एकेरी ९ वेळा, हे आकडे तुला पाठही असतील. मला तिच्याविषयी लिहायचे आहे ते या आकड्यांसाठी नव्हे, तर १९८१ या एका वर्षासाठी. त्या वर्षाच्या आरंभी ती काही होतकरू मुलगी नव्हती. तिने १९७८ आणि १९७९ अशी लागोपाठ दोन विम्बल्डन जिंकली होती आणि जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांकही भोगून झाला होता. म्हणजे चालते आहे ते बिघडवू नये असे कोणी म्हणायचे, तर ते म्हणण्याचा तुझ्यापेक्षा तिला कितीतरी अधिक अधिकार होता.

थोडे मागचे सांगते, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. तिचा जन्म १९५६ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील प्राग येथे झाला आणि ती जवळच्याच रेवनित्से या लहान गावात वाढली. आजी आपल्या काळातील नावाजलेली टेनिसपटू होती, आणि सावत्र वडिलांनी तिला खेळाचे पहिले धडे दिले. नवव्या वर्षी तिला प्रागमधील जॉर्ज पार्मा या शिक्षकाकडे नेण्यात आले. ती तेव्हा बॅकहँड दोन्ही हातांनी मारत असे. पार्मांनी तो एका हाताचा करवून घेतला, कारण ही मुलगी नेटकडे धावणारी आहे आणि नेटवर हात लांब पोहोचावा लागतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे देशात शिरले आणि पार्मा देशाबाहेरच राहिले, परतले नाहीत. पुढे सप्टेंबर १९७५ मध्ये, अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत अमेरिकेच्या ख्रिस एव्हर्टकडून हरल्यावर, अठरा वर्षांच्या मार्टिनाने न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेकडे आश्रय मागितला. आई-वडील आणि धाकटी बहीण मागे राहिली. पुढच्याच वर्षी त्याच स्पर्धेच्या पहिल्या फेरीत ती हरली आणि कोर्टवरच हमसून रडली. त्या काळात तिचे वजनही वाढले होते. घर तुटलेल्या मुलीकडून शिस्तीची अपेक्षा करणारे लोक मला नेहमीच थोडे कठोर वाटतात.

तरीही ती जिंकत होती, आणि इथेच मेख आहे. तिच्या डाव्या हातात इतके उपजत सामर्थ्य होते की अर्ध्या तयारीवरही ती विम्बल्डन जिंकू शके. डावखुऱ्या खेळाडूने कोर्टच्या डाव्या अर्ध्यातून चेंडूला कापून सर्व्हिस केली, की टप्पा पडल्यावर चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या बॅकहँडकडे आणखी बाहेर वळतो आणि तिला पार ट्रॅमलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या कडेच्या रेषेच्या, पलीकडे खेचून नेतो. तोवर मार्टिना नेटपाशी पोहोचलेली असे आणि समोर अर्धे कोर्ट मोकळे असे. हिरवळीवर चेंडू खाली राहतो, त्यामुळे तर हा डाव अधिकच घातक ठरे. शिवाय ३०-४० किंवा ॲडव्हांटेजसारखे गुण याच बाजूने खेळले जातात, हे कधी तुझ्या ध्यानात आले आहे का? अशी सर्व्हिस निसर्गाने हातात दिली की बाकीच्या उणिवा झाकल्या जातात. तुझा फोरहँड तुझ्यासाठी नेमके हेच काम करतो.

एप्रिल १९८१ मध्ये फ्लोरिडातील अमेलिया आयलंड येथे, मातीच्या कोर्टवरील अंतिम सामन्यात एव्हर्टने तिला ६-०, ६-० असे हरवले. दोन वेळच्या विम्बल्डन विजेतीला एकही गेम मिळू नये! असा निकाल लागला की आपल्याकडे सगळे म्हणतात, एखादा दिवस वाईट असतो, मनावर घेऊ नकोस. नॅन्सी लिबरमन या बास्केटबॉलपटूने तिला असे काही समजावले नाही. तू आपली गुणवत्ता वाया घालवते आहेस, असेच तिचे रोखठोक मत होते. मार्टिनाने ते ऐकून घेतले आणि तिच्याच देखरेखीखाली धावणे, वजने उचलणे, बास्केटबॉल खेळणे सुरू केले. आहारही बदलला. त्या काळी महिला टेनिसपटू वजने उचलत नसत. तिच्या दंडांवरून वर्तमानपत्रांत जे लिहून येई ते तुझ्या पिढीला वाचून सहन होणार नाही. त्याच वर्षी तिच्या खाजगी आयुष्याचीही जाहीर चर्चा झाली, आपण समलैंगिक आहोत हे तिने लपवले नाही, आणि जाहिरातदार तिच्यापासून लांब राहिले.

शरीराची घडण हा त्यातला सोपा भाग होता, असे मला शिकवण्याच्या अनुभवावरून वाटते. अवघड होते ते फटके बदलणे. रेने रिचर्ड्स ही डावखुरी माजी खेळाडू आणि व्यवसायाने नेत्रशल्यविशारद. ती मार्टिनाची प्रशिक्षक झाली. तोवर मार्टिना बॅकहँड बहुतांशी कापूनच, म्हणजे चेंडूला उलटी फिरकी देऊन, मारत असे. कापलेला चेंडू टाकून नेटवर जाणे उत्तम, पण प्रतिस्पर्धीच नेटवर आली, किंवा मातीवर चेंडू खांद्यापर्यंत उसळला, तर नुसत्या कापलेल्या फटक्याने भागत नाही. चेंडू तरंगतो आणि समोरची तो आरामात ठोकते. म्हणून चोविसाव्या वर्षी, सगळे जग पाहत असताना, ती टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा, बॅकहँड शिकू लागली. पकड बदलायची, रॅकेट चेंडूच्या खालून वर आणायची, चेंडू शरीराच्या पुढे घ्यायचा. नवी पकड पहिले काही आठवडे परक्याच्या हातासारखी वाटते. चेंडू एकतर नेटमध्ये जातो, नाहीतर मागच्या जाळीवर आदळतो, आणि सामन्यात ४-४ झाले की हात आपोआप जुन्या पकडीवर परततो. तुला हे गेल्या गुरुवारी जाणवलेच आहे.

त्या वर्षीचे निकाल क्रमाने पाहा. जुलैत विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत हाना मांडलिकोव्हाने तिला हरवले. सप्टेंबरमध्ये अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत तिने एव्हर्टला तीन सेटमध्ये नमवले, पण अंतिम फेरीत ट्रेसी ऑस्टिनविरुद्ध पहिला सेट ६-१ असा जिंकूनही पुढचे दोन्ही टायब्रेकमध्ये गमावले. ती नुकतीच अमेरिकेची नागरिक झाली होती. बक्षीस समारंभात प्रेक्षकांनी हरलेल्या खेळाडूसाठी जो टाळ्यांचा कडकडाट केला, त्याने तिला रडू आवरेना. डिसेंबरमध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत पुन्हा एव्हर्ट समोर होती. निकाल ६-७, ६-४, ७-५ असा मार्टिनाच्या बाजूने लागला. ६-० ६-० पासून इथपर्यंत आठ महिने, आणि मधे दोन जिव्हारी लागणारे पराभव. तू मला तीन आठवड्यांचा हिशोब विचारला आहेस.

त्यानंतरची तीन वर्षे अशी: १९८२ मध्ये ९० विजय आणि ३ पराभव, १९८३ मध्ये ८६ विजय आणि १ पराभव, १९८४ मध्ये ७८ विजय आणि २ पराभव, त्यातले ७४ विजय सलग. तो १९८३ मधला एकमेव पराभव फ्रेंच ओपनच्या चौथ्या फेरीत सतरा वर्षांच्या कॅथी होर्वाथने केला. त्यानंतर तिने काय करावे? प्रशिक्षक बदलला. माइक एस्टेप आला आणि त्याने तिला आणखी आक्रमक, आणखी नेटवर जाणारी केली. वर्षभरात एकदाच हरलेल्या खेळाडूने त्या एका पराभवानंतर खेळाची पुन्हा तपासणी करावी, हे मला तिच्या सर्व विजेतेपदांपेक्षा मोठे वाटते. (पॅम श्रायव्हरबरोबर दुहेरीत तिने सलग १०९ सामने जिंकले, तो विषय वेगळा, दुहेरी तू टाळतेस, त्याबद्दल भेटीत बोलेन.)

एव्हर्टविषयीही लिहायला हवे, नाहीतर गोष्ट एकतर्फी होईल. एके काळी ती मार्टिनाविरुद्ध २०-४ अशी पुढे होती. शेवटी ८० सामन्यांत ४३-३७ असा हिशोब मार्टिनाच्या बाजूने राहिला. मधे एव्हर्ट सलग १३ वेळा हरली. मग तिनेही वजने उचलायला सुरुवात केली आणि १९८५ च्या फ्रेंच ओपनची अंतिम फेरी ६-३, ६-७, ७-५ अशी जिंकली, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. तुझा खेळ बिघडू नये म्हणून तू थांबशील, पण ज्या मुलीला तू राज्य स्पर्धेत हरवलेस ती थांबणार नाही. तिचे प्रशिक्षक त्या दिवशी तुझ्या बॅकहँडचे चित्रीकरण करत होते, हे मी पाहिले आहे.

आता माझे थोडे. मी विद्यापीठाच्या संघात होते तेव्हा माझी दुसरी सर्व्हिस म्हणजे चेंडू नुसता ढकलणे होते. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत तेवढ्याने भागे. सरांनी दोनदा सांगितले, मी दोनदा हंगाम संपू दे म्हणाले. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत समोरच्या मुली ती सर्व्हिस दोन पावले पुढे येऊन मारू लागल्या, आणि माझा खेळ तिथेच खुंटला. फिरकीची सर्व्हिस मी अखेर शिकले ती तिशी उलटल्यावर, दहा वर्षांच्या मुलांना शिकवता यावी म्हणून.

मार्टिना मात्र शिकत राहिली. १९८८ आणि १९८९ मध्ये विम्बल्डनच्या अंतिम फेरीत स्टेफी ग्राफने तिला हरवले, त्याच काळात तिने माजी विजेती बिली जीन किंग हिच्याकडे शिकवणी धरली आणि १९९० मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, नववे विजेतेपद मिळवले. २००३ मध्ये, शेहेचाळिसाव्या वर्षी, मूळच्या गोव्याच्या घराण्यातल्या आपल्या लिअँडर पेसबरोबर तिने ऑस्ट्रेलियन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. ग्रँड स्लॅममधले तेवढे एकच विजेतेपद तोवर तिच्याकडे नव्हते. त्याच वर्षी दोघांनी विम्बल्डनही जिंकले.

तेव्हा आपण असे करू. पुढच्या महिन्यातील स्पर्धेचा अर्ज मागे घ्यायचा नाही. तू खेळशील, आणि बॅकहँडला आलेला प्रत्येक आखूड चेंडू एका हाताने कापून नेटवर जाशील, मग गुण जावो की राहो. दुसऱ्या फेरीत हरलीस तरी मी काही बोलणार नाही; जुन्या पकडीने जिंकलीस तर मात्र बोलेन. तुझ्या बाबांना मी वेगळे पत्र लिहिते आहे, कारण मानांकनाची काळजी तुझ्यापेक्षा त्यांना जास्त आहे असे दिसते.

सोमवारी सकाळी सहाला ये. कोर्टवर पाणी मारून रोलर फिरवून होईपर्यंत साडेसहा होतील, तोवर भिंतीवर शंभर व्हॉली. रॅकेटच्या मुठीवर गुंडाळायचे नवे ग्रिप मी आणून ठेवले आहे; जुने, घामाने काळे पडलेले, येण्याआधी घरीच काढून टाक.

तुझी,
मॅडम